मॅडमांची सर्दी

काढा घे, काढा घे म्हणून माझ्या मागं लागू नका, त्यापेक्षा आमच्या डॉक्टर मॅडमांची गोष्ट ऐका. तेव्हा मी त्यांची सरकारी जीप चालवायचो.

सिद्धगडाखालच्या एका वाडीत मॅडमांनी बायांना तासभर सांगितलं, नाचणी खा, पालेभाजी खा, रोज चाला, लवकर झोपा, म्हणजे प्रतिकारशक्ती वाढते. आणि दर वाक्याला एक शिंक!

बायांचं तर हे सगळं रोजचंच. शेवटी वाडीतल्या हिरामावशीनं मला हळूच विचारलं, "भाऊ, बाईंना यातलं कायच मिळत नाय का रे?"

मी हसलो, तिथंच चुकलो. मावशीला वाटलं, खरंच मिळत नाय.

लगेच जीपमध्ये नाचणीचं पीठ आलं, कुरडूची रानभाजी आली. मॅडम चढायला गेल्या, तर मावशीनं हात धरला. "जीप येऊ दे मागनं. तुमी चाला आमच्यासंगं."

डांबरी रस्ता चालत तासाभरावर. पुढं मॅडम, भोवती बाया, मागं जीपमध्ये पीठ, भाजी आणि मी.

रस्त्यावर पोचल्यावर मॅडम घामाघूम. "अहो मावशी, मी तुम्हाला शिकवायला आले होते!"

"शिकवा की," मावशी म्हणाली, "पण आधी बऱ्या होऊन या."