सव्वा जीबीचा होकार

ढापण्या : सव्वा जीबी? अगं ताई, बाबांनी फक्त मान हलवली! सव्वा जीबीची मान?

ताई : मी काय करू! व्हिडिओ कॉलच्या आधी स्क्रीन रेकॉर्ड दाबलं, कॉल संपल्यावर थांबवलं. पाठव ना लवकर! आई मुलाच्या घरी सोफ्यावर बसलीये. म्हणते, बाबांचा होकार डोळ्यांनी बघेन, मगच इथे लग्नाचं बोलेन.

ढापण्या : मग बाबांनाच लावू दे फोन.

ताई : बाबांचं जहाज बंदर सोडून पुढे गेलं. आता पुढच्या बंदरापर्यंत रेंज नाही.

ढापण्या : आणि तुझ्या शब्दावर विश्वास का नाही तिचा?

ताई : मागे मी सांगितलं होतं ना, बाबा स्कूटरला हो म्हणाले.

ढापण्या : म्हणाले होते?

ताई : झोपले होते.

ढापण्या : धन्य आहेस! बरं, बाबा काही बोललेच नाहीत का?

ताई : मागे इंजिनाची घरघर. मी ओरडून विचारलं, त्यांनी मान हलवली. खूप हलवली रे!

ढापण्या : ठीके. मान हलवायच्या पुढचं-मागचं सगळं उडवतो. हां... तरी चाळीस एमबी. आईकडे रेंजची एकच काडी, हे जन्मात जाणार नाही. अगं, साठ फ्रेम ठेवल्यास तू! म्हणजे सेकंदाला साठ फोटो. बाबा खुर्चीत बसलेत, शर्यतीत नाही धावत!

ताई : मग कमी कर.

ढापण्या : सेकंदाला एक. बाबांना एक पुरे. विचार, कोणाकडून शिकलो हे?

ताई : कोणाकडून?

ढापण्या : कोणाकडूनच नाही! बघ, दोन एमबी! पाठवली! नाच आता!

ताई : नाचतेच आहे! अरे, चहा सांडला, कीबोर्ड उचल, कीबोर्ड!

(ताईचा फोन वाजतो. ती स्पीकर लावते.)

आई : अगं, हे काय पाठवलंस? तुझे बाबा नुसते बघतायत. हूं नाही की चूं नाही.

ताई : आई, मान हलवतायत! नीट बघ ना!

आई : तीनदा बघितलं. मुलाच्या आईनेही बघितलं. त्या म्हणाल्या, फोटो छान आलाय.

ढापण्या : थांब, थांब. आई, जरा धर फोन. मूळ फाईल लावतो... वर, खाली, वर, खाली... अरे देवा! ताई, बाबा सेकंदाला एकदा मान हलवतात, आणि मी सेकंदाला एकच फोटो ठेवला. दर वेळी मान वर असतानाचाच!

ताई : म्हणजे माझं लग्न दोन फोटोंच्या मधे पडलं?

ढापण्या : काढतो, काढतो वर! तीन फ्रेम करू?

ताई : ई! हे तर माशी हाकलतायत!

ढापण्या : दहा.

ताई : आलं! आलं रे! हो म्हणतायत! बघ ना, कसे हो हो हो...

ढापण्या : पण फाईल फुगली. स्क्रीन कापावा लागेल. बाबा एवढेसे कोपऱ्यात, आणि बाकी सगळ्या तुझ्या टॅब. अय्यो! सगळ्या लग्नाच्या कपड्यांच्या? बाबा हो म्हणायच्या आधीपासून?

ताई : तू फाईल बघ!

ढापण्या : उडवल्या टॅब. राहिले नुसते बाबा. परत दोन एमबी! आई, आली का?

आई : थांब, गोल फिरतंय... आली. अगं बाई! हलवली की! चांगली जोरात हलवली! मी सांगते हं मुलाच्या आईला... अहो, हळू, फोन पडेल माझा! मिठीच मारली गं यांनी!

ताई : आईऽऽ!

आई : कान फुटला माझा. ऐक आता. मान हलवून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला का?

ताई : हो. काढला, पुसला, घातला. मग परत काढला. तुला कसं कळलं?

आई : डोळे भरले की ते तसंच करतात. मग इथे का नाही दिसत?

ढापण्या : ते मी कापलं, आई. फाईल मोठी होत होती.

आई : तेवढं पाठव, बाळा. त्यातलं काही कमी करू नकोस. मी खिडकीपाशी थांबते, इथे जरा रेंज येते.