गाडी बंद आहे ना?

नाही हो ताई, बोनेट नका उघडू, राहू द्या — खडखड ऐकायला मला बोनेट उघडावं लागत नाही. तुम्ही आत येतानाच ऐकली, मान्य. पण काम मी घेणार नाही. पेट्रोल पंपवाल्यानं पाठवलं म्हणता? 'त्या दोघा भावांकडे जा' म्हणाला? त्याला काय जातंय म्हणायला! सगळं माहीत आहे त्याला, तरी पाठवतो. कंपनीच्या वर्कशॉपात तीन आठवड्यांनंतरची तारीख, आणि तुम्हाला उद्या आईकडे जायचंय — कळतं हो मला. बसा घोटभर पाणी प्या. ते स्टूल नको, ते धाकट्याचं आहे, या खुर्चीवर बसा. जेवायला घरी गेलाय तो. तो यायच्या आत निघा म्हणजे झालं.

गाडी चांगली आहे तुमची, नावं ठेवत नाही मी. शाळेत जायचं-यायचं, बाजार, सगळं बॅटरीवर — आणि लांब जायचं तर बॅटरी उतरली की आतलं बारकं इंजिन आपलं आपण सुरू होतं आणि ती भरत बसतं. चाकांशी त्याचा संबंध नाही, नुसती वीज करतं. वाटेत चार्जर शोधत फिरायला नको. साध्या माणसाच्या आवाक्यात आली, मग का घेऊ नये? आमच्या गल्लीतच सात झाल्या. इंजिन वर्षातून चार दिवस चालणार, म्हणजे आम्हाला काम चार दिवस — पण ते रडगाणं नाही गात मी. नुसता धंदा बसला असता तर दोघं भाऊ मिळून रडलो असतो, तेवढंच बरं वाटलं असतं.

आमची पद्धत कशी — कान माझा, हात त्याचा. मी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला, आणि सांगायचं, अमुक ठिकाणी बिघाड आहे. मग धाकटा हात घालणार. असला हात, ताई! पाना जात नाही तिथं याची बोटं जायची, न बघता नट काढून आणायची. आणि हात घालण्याआधी विचारणार, 'बंद?' मी ऐकून सांगणार, 'बंद.' सव्वीस वर्षं. अबोला असला तरी हे दोन शब्द व्हायचेच — आमची ही म्हणायची, तुमचं एवढंच काय ते बोलणं! इंजिनाचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद, यात शिकायचं काय होतं?

मागच्या उन्हाळ्यात अशी पहिली गाडी आली आमच्याकडे. इंजिनाचा पट्टा सैल झाला होता. मालक चावी देऊन गेला. धाकटा म्हणाला, 'दादा, आधी तिचं पुस्तक वाचू.' मी म्हटलं, 'आता मी इंजिन पुस्तकातून शिकू का?' गाडी बंद होती, त्यानं हात घातला, आणि इंजिन एकदम सुरू झालं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. संपलं.

काय म्हणालात? बंद असताना सुरू कसं होईल?

हुशार आहात. पोलिसानं नाही विचारलं हे.

नव्हती बंद. मी आत बसलो होतो, ताई. उकडत होतं — दुपारचे दोन, पत्र्याचं छप्पर — आणि त्या गाडीत एसी चालू केला तरी हूं नाही की चूं नाही. म्हटलं पाच मिनिटं बसू. अर्धा तास बसलो. गंमत वाटत होती, लहान पोरासारखी. तिकडे बॅटरी उतरत चालली होती, समोर पडद्यावर दिसतही असेल, मी कशाला बघतोय? बोनेटमागून तो ओरडला, 'बंद?' आणि मी — काच खाली केली, नीट कान दिला, हो, कान दिला मी — आणि म्हटलं, 'बंद.'

दवाखान्यात, पोलिसांना, गाडीच्या मालकाला त्यानं एकच सांगितलं. 'मी दादाला विचारलंच नाही.' मलाही तेच सांगतो, डोळ्याला डोळा न देता. वर्ष होत आलं. माफी मागायची म्हटली तर त्याला खोटं पाडावं लागेल, आणि त्याच्याकडे आता तेवढं एक खोटंच उरलंय मला द्यायला. रोज येतो, स्टुलावर बसतो, डाव्या हातानं नट पुसतो. आणि अशी गाडी दिसली की तो डावा हात पुढं येतो, आपोआप. म्हणून म्हणतो, निघा. त्यानं परत 'बंद?' विचारलं, तर मी काय सांगू? मला आता पंखा बंद केला तरी खात्री वाटत नाही, उठून बघून येतो. घरात हसायचे आधी. आता हसत नाहीत.

तुमचे डोळे कशाला भरले? पुसा, पुसा. आलाच तो.

ये रे. काही नाही, ताई रस्ता विचारत होत्या. — खडखड? पंपवाला म्हणाला तुला? कसली खडखड? मला नाही ऐकू आली. तू बस बरं स्टुलावर, बस. — ताई, पुढं चौकातून डावीकडे वळा, मग सरळ. या तुम्ही.