लेकराची खोली

पांढरकवड्याच्या वकिलाच्या ओट्यावर शपथपत्रासाठी ताटकळलेल्या निकितानं मोबाइल बाजूला ठेवला. शेजारचं म्हातारं जोडपं त्याहून रंगात आलं होतं.

“आपला पोरगा अश्वजित जर्मनीत लेकरू दत्तक घेऊन राह्यला, अन् तुमाले काहीच नाही! तिथल्या दत्तकाच्या हापिसातली बाई उद्या व्हिडिओवर आपलं घर पाहीन म्हणते. सुटीत लेकरू आलं तं निजन कुठं, दाखवा म्हणते.”

“आतली खोली दाखव. कागदावर थेच लिवलं, लेकराले वेगळी खोली.”

“तिथं छतापर्यंत कापूस हाय!”

“त्याच्यावर चादर टाक. म्हणावं, गादी हाय.”

“छतापर्यंत गादी?”

“जर्मनीत कोणाले समजते?”

“दिवाळीपासून म्हणून राह्यली, इकून टाका. तुमच्या मनासारखा भावच येत नाही!”

“अन् बाईनं खोली नापास केली तं?”

“तं लेकरू नाही भेटत.”

 म्हाताऱ्यानं खिशातून फोन काढला.

“श्रावण, गाडी घेऊन ये घरी. कापूस न्यायचा हाय, समदा… भाव? तुले वाटन थो दे.”

“अवो, समदा नका देऊ!”

“आता काहून?”

“उशीपुरता ठेवा.”