एलिसावेताच्या शोकपत्रकावरचं नाव

(सोफिया शहरातलं चौथ्या मजल्यावरचं घर. नेवेना उंबऱ्याच्या आत. प्रोफेसर क्रुम हातात टोपी घेऊन बाहेरच.)

क्रुम : कवीचं खरं नाव तेवढं सांग, लगेच निघतो.

नेवेना : तीस वर्षांनी दार वाजवलंत, प्रोफेसर, आणि लगेच निघता? कुठला कवी?

क्रुम : तो एस्टोनियन. तूच त्याचा अनुवाद केलास. रविवारी एलिसावेताला जाऊन वर्ष होईल. वर्षाच्या शोकपत्रकावर त्याच्या चार ओळी हव्यात. मरताना हट्टच धरला तिनं, खाली कवीचं खरं नाव घाल म्हणून. मी तिकडे लिहून विचारलं, तर असा कवी आमच्याकडे झालाच नाही म्हणतात.

नेवेना : बरोबर म्हणतात. त्या ओळी माझ्या आहेत.

क्रुम : काहीतरीच!

नेवेना : माझ्या कवितांना तुम्ही 'सडकी रड' म्हणालात आणि माझ्या पुस्तकाच्या सगळ्या प्रतींचा लगदा झाला. अनुवादाला मात्र बंदी नव्हती. मग लिहिलं परक्याच्या नावावर. आणि प्रस्तावना कुणाची? तुमची! 'आमच्या कवयित्रींनी याच्यापासून शिकावं.' पाठ आहे मला.

क्रुम : सूड उगवतेस?

नेवेना : उगवते तर! ते कम्युनिस्ट राज्य गेलं, तुमची खुर्ची तशीच राहिली. माझं आयुष्य मात्र गेलं ते गेलंच.

क्रुम : मग दुसऱ्या कुणाच्या ओळी घालीन.

नेवेना : घाला की. मेलेल्या बायकोचा शब्द मोडा.

क्रुम : नेवेना, ते पत्रक आमच्या दारावर, बस थांब्यावर, विद्यापीठाच्या फाटकावर डकवतात. माझे विद्यार्थी वाचतील. हसं होईल माझं.

नेवेना : वाचावं म्हणूनच डकवतात ना? नेवेना स्तोइचेवा. पूर्ण नाव घाला. तिच्या नावाखाली आणि तुमच्या नावाच्या वर.

क्रुम : एलिसावेताला हे कळलं असतं तर...

नेवेना : कळलं होतं. पुस्तक आलं त्याच आठवड्यात आली ती. तुम्ही आहात ना, अगदी तिथंच उभी होती. म्हणाली, "या ओळी तुझ्या आहेत." मग दर हिवाळ्यात भाजल्या मिरचीच्या चटणीच्या बरण्या आणायची. तुमच्या पगारातल्या.

क्रुम : मला कधीच बोलली नाही.

नेवेना : मी विचारलं होतं तिला, तुम्हाला का सांगत नाही म्हणून. म्हणाली, "क्रुमला मी मेल्यावर सांगेन."