मंगळवारच्या बाई

झेरॉक्सच्या दुकानात शिंपीणबाईंच्या पुढे दोघी उभ्या होत्या. एक तरुण आई, दुसरी निवृत्त शिक्षिका.

“बाई, तुम्ही इथे? आत्ताच तर तुम्हाला लेकीपाशी बसवून आले!” आई शिक्षिकेला म्हणाली.

“मला? अगं, मी कालच गावाहून आले. आठ महिने बहिणीकडे होते. पोरीला अजून घरीच शिकवतेस ना?”

“चेष्टा करता का बाई! नव्या वर्षाचं वेळापत्रक तुम्हीच लिहून दिलंत. हे बघा, त्याचीच प्रत काढायला आलेय.”

“अक्षर माझंच आहे गं. पण हे मी लिहिलेलं नाही.”

“दर मंगळवारी येता, शिकवता. चहा मात्र घेत नाही.”

“मी? आणि चहाला नाही म्हणेन?”

“मलाही नवलच वाटायचं.”

“आणि हे दुसऱ्या सहामाहीचे रकाने कोरे का?”

“तुम्हीच म्हणालात, पुढचं ती तुमच्याकडे राहून शिकेल.”

“घरी फोन लाव. आधी फोन लाव!”

आईने घरचा नंबर लावला. तिने फोन स्पीकरवर टाकला.

“आई, बाई माझं दप्तर भरतायत.”

“बाळा, त्यांना फोन दे.”

“काळजी करू नकोस गं. आम्ही निघालोच,” फोनमधून आवाज आला.

शिंपीणबाईंनी चमकून शिक्षिकेकडे पाहिलं. तोच घोगरा, प्रेमळ आवाज त्या इतका वेळ समोर ऐकत होत्या.

“चल, पळ! मी आहे ना सोबत,” शिक्षिका म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

आईने त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. हात न धरताच ती एकटी धावत सुटली.