लॉनवर मेंढरं बसवली

लिहा ताई, सगळं लिहून घ्या, काय सोडू नका. माझं नाव दगडू, गाव माकणी, पिढीजात धंदा मेंढरांचा. आई सांगायची, म्या जन्मलो ते नळदुर्गाच्या अलीकडं, वाटंवरच, अन् तिसऱ्या दिशी बिऱ्हाड घोड्यावर लादून पुढं निगालं बी. शाळा न्हाय, काय न्हाय. पन्नास वर्सं मेंढरांमागं चाललो, बायकू हुती तवर ती बी संगं चालली, अन् त्या चालण्यावर एकुलतं एक पोरगं शिकवलं. सुभाष. धाराशिवला हापिसात कारकून हाय. पोरगं वाईट न्हाय, पर राग हाय माझा, व्हय, हाय राग, कशाला लपवू?

गुडघे गेले तवा मेंढरं पुतण्याच्या हवाली केली अन् घरी बसलो. घराच्या मागं आमचं परस, सारवलेलं, मधी एक बाभूळ, तिच्याखाली माझी बाज. सावली सरकंल तशी बाज सरकवायची, एवढंच माझं काम. वाटंनं जाणारा कुडावरनं हाक मारायचा, येऊन बसायचा, तंबाखू मळायचा.

गेल्या दिवाळीला सुभाष आला अन् म्हणला, आबा, तुमी जलमभर उन्हातान्हात फिरलात, आता तुमच्यासाठी मागं मस्त निवांत बसायची जागा करतो. म्या म्हणलं, बाबा, म्या निवांतच बसलोय की. ऐकतोय कुठं! मोबाईलवर चित्रं दाखवली. काय सांगू तुमाला, पैली कुऱ्हाड बाभळीवर. काटे पडतात म्हणं, कचरा हुतो म्हणं. मंग कुड काढून डोक्याएवढी भिंत, मंग सोलापूरच्या नर्सरीतनं हिरवळ आणली, सतरंजीवाणी गुंडाळलेली, उलगडली अन् हातरली. लोखंडी झोपाळा, वर रेक्झीनची गादी, रंगीत दिवे, दोन खुर्च्या. अन् माझी बाज? तिचे पाय लॉनमदी रुततात, म्हणून ती गेली फुडल्या ओट्यावर. चपला घालून जायचं न्हाय, थुंकायचं न्हाय, तंबाखूवाले बोलवायचे न्हाईत. आरं, माझ्यासाठी केलीस ना ही जागा? मंग मलाच का रं एवढे कायदे? दुपारी झोपाळ्यावर बसावं तर बूड भाजतंय, सावलीच ठेवली न्हाय! ह्यो येणार रविवारच्या रविवारी, फोटो काढणार अन् जाणार. बाकी सा दिवस नळी धरून पाणी मारायला कोण? म्या.

उन्हाळ्यात ते लॉन पिवळं पडलं. सुभाष सुनंच्या देखत म्हणला, आबा, तुमाला एवढं पाणी बी मारता येत न्हाय? लई लागलं, ताई. आरं, दुष्काळात मुकी जनावरं जगवली म्या, अन् ह्यो मला शिकवतोय! मंग म्या इचार केला, ह्या मातीत कसच न्हाय, भुकेली हाय ती, अन् ते आमाला न्हाय कळणार तर कुणाला? मोठमोठे बागाईतदार हात जोडायचे आमाला, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणायचे, बदल्यात ज्वारी घालायचे, कारण एक रात मेंढरं बसली की लेंडी-मुतानं रान ताकद धरतं. ते मोलाचं काम पोराला घरबसल्या करून द्यावं म्हणलं. पुतण्याचा कळप गावाजवळच हुता, निरोप धाडला. दिस मावळायला त्यानं तीसेक मेंढरं आत घातली. मेंढरं कोंडायला जाळी लावायची बी गरज न्हवती, भिंत हायेच. पुतण्या म्हणला, काका, गवत खातील की. म्या म्हणलं, खाऊ दे, खाल्लेलं गवत दुपटीनं फुटतं.

चुकलं माझं. चुकलं ते चुकलंच म्हणतो म्या. रानातलं गवत मेंढरू वरनं कातरतं, मुळी जिमिनीत राहती. ह्या सतरंजीनं मुळ्याच धरल्या न्हवत्या, तोंड लावलं की पापुद्र्यागत वर आली. सकाळी बघतो तर नुसती माती अन् लेंड्या, अन् एक मेंढी झोपाळ्याची गादी चावत उभी.

रविवारी सुभाष आला. घरात चार शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. त्यानं सगळ्या आळीदेखत मला म्हणलं, तुमी मेंढरातच राहायच्या लायकीचे. आरं, त्याच मेंढरांमागं तुझी आई झिजली, म्हणून तू आज खुर्चीवर बसलास! पर कोण ऐकतो? मागच्या दाराला कुलूप घातलं. माझ्याच घरात मला कुलूप! किल्ली खिशात टाकून गेला.

आता नवी हिरवळ हातरलीया, शेजारीण भिंतीवरनं पाणी मारती. म्या हितं ओट्यावर, रस्त्याच्या धुरळ्यात. माणसं हितंच येतात माझ्याकडं. मागल्या रविवारी सुभाष एकटाच मागं जाऊन बसला. पाव तास झाला असंल, फुडं आला, म्हणला, तिथं करमत न्हाय, आबा, अन् बाजेच्या कडंला टेकला. म्या पाय आखडून जागा दिली. गप्पा चालल्या हुत्या, तो बी हसला, जेवायच्या येळेपतूर उठला न्हाय. देव त्याला औक्ष देवो, पोटचा हाय, वाईट कशाला चिंतू? पर जाताना किल्ली घेऊनच गेला, ताई.