केमिस्ट्रीच घेणार ती

कुठलाही विषय चालतो? — नाही, मॅडम, नाही चालत. वकिलीला जायचं तर आधी काहीही शिका, इतिहास घ्या, भाषा घ्या, असं तुम्ही येणाऱ्या सगळ्यांना सांगत असाल, खुशाल सांगा — पण माझी मुलगी केमिस्ट्रीच घेणार. आधी केमिस्ट्री, मग वकिली. बाहेर बाकावर बसलीये ती, बसू दे. दार लोटून घेते हं जरा, तिच्या कानावर जायला नको.

आमचा वकीलही असंच काहीही शिकून आला होता ना! इतिहास झाला होता त्याचा. माणूस वाईट नव्हता, राजेरजवाड्यांवर बोलायला लागला की ऐकत राहावं — पण आमचे हे काही लढाईत नाही गेले. कापड रंगवायच्या कारखान्यात गेले, टाकीत उतरून. सकाळी त्या टाकीत ब्लीच होतं, मधे ती पाण्यानं धुवायची असते — पण धुवायची म्हणजे काम थांबतं, मग मालक ओरडतो — म्हणून मुकादमानं तशीच ॲसिडनं घासायला लावली. वर आले ते दोघांनी उचलून. आणि कोर्टात कारखान्यानं उभं कोणाला केलं? शास्त्रज्ञाला! हळू आवाज, गोड बोलणं. म्हणाला, नुसत्या ॲसिडनं असा वायू होत नाही, मयतानं स्वतःच काहीतरी मिसळलं असणार. मयतानं! आमचा वकील उठला, घसा खाकरला, म्हणाला — मला काही विचारायचं नाही. आणि बसला! अहो, एवढंच विचारायचं होतं, की टाकीत आधी काय होतं? पण ते सुचायला तर हवं! बाहेर आल्यावर मला म्हणतो, वहिनी, ते सगळं शास्त्र आहे. असा संताप आला म्हणून सांगू!

तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी एकच, ह्यांचीच चूक. सख्खा दीर माझा, माझ्याच ओट्याला टेकून चहा पीत म्हणाला, दादा जरा धांदरटच होता. कप काढून घेतला मी त्याच्या हातातून. पण मला तरी काय कळत होतं? ब्लीच होतं म्हणून सांगितलं होतं ह्यांच्या जोडीदारानं, पण त्याचं काय एवढं, ते कुठं ठाऊक होतं! मग ही दहावीला, मी भाजी चिरतेय, ही मोठमोठ्यानं पाठ करतेय — ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू होतो — सुरी हातातच राहिली माझ्या. शाळेच्या पुस्तकात, मॅडम! शाळेतल्या पोरांना माहीत असतं ते त्या शास्त्रज्ञाला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. तिथंच ठरवलं मी. तिला नाही सांगितलं, तिला एवढंच ठाऊक की बाबा अपघातात गेले.

तो अजून जातो हो साक्षी द्यायला, ह्या कारखान्यासाठी, त्या कारखान्यासाठी. एक दिवस पिंजऱ्यात तो असेल आणि समोर काळा कोट घालून ही. घाम फुटला पाहिजे त्याला. मला मागच्या बाकावर बसून ते बघायचंय, बाकी काही नको. — मग हेच कॉलेज का? कारण तो इथंच शिकवतो, म्हणून! तुमच्या केमिस्ट्रीच्या विभागाचा प्रमुख. हो, तोच. त्याच्याकडूनच शिकेल ती, आणि त्यालाच —

काय म्हणालात? ही कधी आली होती तुमच्याकडे? एकटीच? — वकिली नको म्हणाली? छे, काहीतरीच. मला म्हणाली असती. — कुठल्या सरांकडे संशोधन? — ते सुट्टीतलं प्रयोगांचं शिबिर... ते तो घेत होता? रोज घरी येऊन सर असे, सर तसे, सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली — मी मेली कौतुकानं ऐकायची, पानात वाढता वाढता! त्याची थाप! — आणि तोही म्हणतो? काय म्हणतो? मुलीसारखी आहे?

थांबा. बोलू नका जरा.

नाही, पाणी नको. — तिचा विषय बदलू? कशाला? मुळीच नाही. मुलीसारखी म्हणतो ना? होऊ दे. शिकवू दे, लाड करू दे, जीव लावू दे चांगला. स्वतःची मुलगी वाटली पाहिजे त्याला. मग सांगेन मी तिला, टाकीत आधी काय होतं ते. कोर्टाची गरजच नाही, विचारेल ती त्याला, तिथल्या तिथे, त्याच्याच प्रयोगशाळेत. — तिचं काय होईल? तिचं... तिचं मी बघेन. आई आहे मी तिची. आणि अशा बघू नका माझ्याकडे, तुमचं काम करा. सही कुठं करायची? इथं? झालं. आणि तिला चकार शब्द बोलायचा नाही, सांगून ठेवते.

— हो गं, हो! ये आत, पेढा देऊन तोंड गोड कर मॅडमचं — झालं बाई तुझ्या मनासारखं!